मोडू नये, पण उरूही नये

'मोडेन पण वाकणार नाही' हे वाक्य आपल्याकडे इतक्या अभिमानाने म्हटलं जातं, की ते ठिसूळपणाचं अचूक शास्त्रीय वर्णन आहे हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिनिअरिंगला मटेरियलच्या लॅबमध्ये चार्पी टेस्ट असते. धातूच्या तुकड्याला खाच पाडायची, तो आडवा ठेवायचा आणि वरून जड लंबक सोडायचा. तुकडा तोडून लंबक पलीकडे किती वर जातो ते मोजायचं. बीडाचा तुकडा टक्‌ करून मोडतो आणि लंबक जवळजवळ होता तेवढाच वर जातो. म्हणजे तुकड्याने काहीच झेललं नाही. माइल्ड स्टील वाकतं, चेपतं, कडेला फाटतं आणि लंबकाचा जोर खाऊन टाकतं. मार्क स्टीलला. जो वाकला नाही, त्याला शून्याच्या आसपास.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे माझ्या बॅचमधल्या निम्म्या पोरांसारखीच. बाकीचं बरंच विसरलो, पण कडक आणि चिवट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात राहिलं. काच कडक असते, चिवट नसते. टायर चिवट असतो, कडक नसतो. वस्तूंबद्दल बोलताना आपण हे शब्द बरोबर वापरतो. माणसांबद्दल बोलताना मात्र 'कडक' म्हणजे भारी आणि 'चिवट' म्हणजे दिवसभर ठोकून ठोकून कंटाळा आणणारा बॅट्समन.

हा फरक पुन्हा आठवायचं कारण बायोप्लास्टिक. सध्या सगळ्यात जास्त चर्चेत असलेलं म्हणजे पीएलए, पॉलिलॅक्टिक ॲसिड. उसाची साखर किंवा मक्याचा स्टार्च जिवाणूंना खायला घालायचा, त्यातून लॅक्टिक ॲसिड मिळवायचं (दह्यातलं आंबटपण तेच), आणि मग त्याचे रेणू एकापुढे एक ओवून लांब माळ करायची. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये याचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं. दुसरं कुटुंब पीएचबीचं. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोरिस लेमॉन्य यांना ते जिवाणूंच्या पोटात सापडलं. आपण चरबी साठवतो तसं काही जिवाणू हे प्लास्टिक साठवतात. ऐकायला स्वप्नासारखं आहे. तेल उपसायला नको, आणि काम झालं की दुसरे जिवाणू ते खाऊन टाकणार.

अडचण अशी, की दोन्ही 'मोडेन पण वाकणार नाही' जातीची आहेत. शुद्ध पीएलए ताणलं तर चार-पाच टक्के लांबतं आणि तुटतं. किराणा दुकानातली साधी पॉलिथिनची पिशवी स्वतःच्या लांबीच्या कित्येक पट ताणली जाते. त्यात पीएलए साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि आपला कटिंग चहा त्याहून गरम असतो.

याचा एक मजेशीर दाखला अमेरिकेत घडला. २०१० मध्ये फ्रिटो-ले कंपनीने सनचिप्स पीएलएच्या कंपोस्ट होणाऱ्या पिशवीत विकायला काढले. पिशवी इतकी ताठ होती की हात लावला की कडाकडा आवाज. लोकांनी आवाज मोजून व्हिडिओ टाकले, चेष्टा झाली, खप घसरला आणि काही महिन्यांत बहुतेक चवींसाठी जुनी पिशवी परत आली. पुढच्या वर्षी कंपनीने शांत पिशवी आणली. फिल्मच्या दोन थरांमधला गोंद बदलला होता. ताठ थरांच्या मध्ये काहीतरी नरम घातल्यावर आवाज बसला. म्हणजे पृथ्वी वाचवण्याचा एक प्रयत्न चिप्सच्या आवाजावर अडला होता. हसू येतं, पण आपल्या रोजच्या आयुष्यात चांगुलपणाला मिळणारी सवलत साधारण एवढीच असते.

आमच्याकडे प्रकरण एवढं मजेशीर नव्हतं. माझं गाव वरंध, महाड तालुका. भोरकडून घाट उतरताना वाघजाईच्या देवळाजवळ भजी-चहाच्या टपऱ्या लागतात आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या तिथे थांबतात. नात्यातल्या एका काकूंची अशीच एक टपरी आहे. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ला निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५००० रुपये, दुसऱ्यांदा १००००, तिसऱ्यांदा २५००० आणि तीन महिने कैद. पुढे २०२२ च्या शेवटी कंपोस्ट होणाऱ्या वस्तूंना सवलत मिळाली, तेव्हा कुणीतरी त्यांना हिरव्या अक्षरांच्या पिशव्या आणून दिल्या. गरम भजी, वरून पाऊस, पिशवीची मूठ तुटली, भजी रस्त्यावर आणि रस्त्यावरून माकडांकडे. गिऱ्हाइकाने दुसरी प्लेट फुकट मागितली.

काकू मला म्हणाल्या, "बाला, पर्यावरणाचं तुमी बघा. माज्या भज्यांचं काय?"

मला हा प्रश्न नैतिक वाटतो, आणि त्यातला महत्त्वाचा भाग 'माज्या' या शब्दात आहे. ठिसूळ चांगुलपणा मोडतो तेव्हा त्याचे तुकडे कुणाच्या पायात जातात? ज्याने नियम केला त्याच्या नाही, ज्याने पिशवी बनवली त्याच्याही नाही. मॉलमध्ये जाणाऱ्याकडे गाडी असते आणि गाडीत कापडी पिशवी असते. पिशवीच्या चिवटपणावर ज्याचा दिवसाचा गल्ला अवलंबून असतो, तो टपरीवाला किंवा भाजीवाली. आणि जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तिथे कागद आणि कापड हे उत्तर चार महिने भिजलेलंच असतं. तेव्हा 'शुद्ध' पर्याय देऊन मोकळं होणं हे फार स्वस्तातलं पुण्य आहे. त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं, आणि मग मुकाट्याने काउंटरखालची जुनी पिशवी परत बाहेर येते.

मग ठिसूळ वस्तूला चिवट कसं करायचं? याचं उत्तर नवीन नाही. पॉलिस्टायरीन हे असंच काचेसारखं मोडणारं प्लास्टिक. सीडीची पारदर्शक डबी आठवा. (ती कधी पाहिलीच नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा.) त्यात थोडं रबर मिसळलं की फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर तयार होतं, जे वर्षानुवर्षं बाटल्यांचे धक्के खातं. तुमच्या हेल्मेटचं कवच बहुतेक एबीएसचं असेल. त्यातला 'बी' म्हणजे ब्युटाडाइन, रबरच. पीएलए आणि पीएचबीच्या बाबतीत हाच उपाय चालला आहे. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत याएल वोदोवोत्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये पीएचबीच्या भावकीतल्या पीएचबीव्हीमध्ये नैसर्गिक रबर वितळवून मिसळलं, जोडीला दोघांना एकमेकांशी बांधणारी रसायनं घातली, आणि मिश्रण मूळ प्लास्टिकपेक्षा ७५ टक्के जास्त चिवट झालं. ताकद थोडी गेली, पण आधीच्या प्रयत्नांत जायची तेवढी नाही.

यातली गंमत अशी, की रबर पूर्ण विरघळलं तर फायदा होत नाही. मग सगळंच लिबलिबित होतं. रबराचे बारीक थेंब वेगळे राहावे लागतात, कडक प्लास्टिकच्या समुद्रात छोटी बेटं असल्यासारखे. तडा पुढे सरकतो तेव्हा त्याच्या टोकाशी सगळा ताण एकवटलेला असतो. वाटेत रबराचा थेंब आला की तो आतून फाटतो, त्याच्यात पोकळी होते, आणि आजूबाजूच्या कडक प्लास्टिकला पहिल्यांदाच वाकायला, ताणायला जागा मिळते. धक्का रबर खातं असं आपल्याला वाटतं. खरं तर रबर फक्त कडक वस्तूला वाकायची परवानगी देतं आणि बहुतेक जोर तीच खाते. पण ही बेटं फार लांब लांब असतील तर तडा मधून निसटतो. ड्यूपाँटच्या सूहेंग वू यांनी १९८५ मध्ये नायलॉनसाठी हे अंतर मोजलं होतं. दोन थेंबांमधलं अंतर मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आलं, की ठिसूळ नायलॉन एकदम चिवट होतं.

रबराने चिवटपणा येतो आणि ताठपणा जातो. तो परत आणायला नॅनोकण: मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या जाडीचे मातीचे पापुद्रे किंवा लाकडातून काढलेले सेल्युलोजचे तंतू. ते नीट पसरले तर मिश्रण सावरतं, काही वेळा रबर आणि प्लास्टिक यांच्या सीमेवर बसून दोघांना धरून ठेवतं. नीट पसरले नाहीत तर पिठल्यातल्या गुठळ्यांसारखे गोळा होतात, आणि नवा तडा नेमका त्या गुठळीपासून सुरू होतो.

इथपर्यंत वाचून तुमच्या मनात उपमा तयार झाली असेल. तत्त्वं कडक ठेवा, मधे मधे नरम बेटं ठेवा, वगैरे. माझ्याही झाली. लिंक्डइनवर चांगली पोस्ट होईल. पण उपमा जास्त ताणली की तीही तुटते, आणि इथे खरा प्रश्न वस्तूचाच आहे: जी वस्तू नाहीशी व्हावी म्हणून बनवली, तिला चिवट करायला आपण जे घालतो, ते नाहीसं होतं का?

आपली जुनी नीती सोपी होती: टिकाऊ ते चांगलं. तांब्याचा हंडा आजीकडून आईकडे येतो, घोंगडी वीस वर्षं जाते. आता आपण एकाच वस्तूकडून उलट्या दोन गोष्टी मागतो. हातात आहे तोवर मोडू नको आणि हातातून सुटल्यावर उरू नको. चिवटपणा म्हणजे तुटण्याला विरोध, आणि कुजणं म्हणजे शेवटी रेणूंच्या माळा तुटणंच. दोन्ही मागण्या एकाच वस्तूच्या अंगात बसवणं रसायनाच्या दृष्टीने अशक्य नाही, कारण धक्क्याने होणारं तुटणं वेगळं आणि ओल, उष्णता, जिवाणू यांनी होणारं तुटणं वेगळं. पण मोह तिथेच असतो. चिवटपणाची चाचणी पाच मिनिटांत होते. कुजण्याची चाचणी सहा महिने चालते. कंपनीला आणि रिसर्च करणाऱ्या पोरालाही आकडा लवकर हवा असतो. आमच्या धंद्यात 'तात्पुरता' म्हणून लिहिलेला कोड सगळ्यांत जास्त जगतो, कारण तो चालतोय ना हे सगळे बघतात, काढला का हे कुणीच बघत नाही.

पेट्रोलियमपासून केलेलं रबर पीएलएमध्ये घालून उत्तम चिवटपणा मिळतो. पीएलए कुजेल, रबराचे मायक्रॉनभर थेंब उरतील. म्हणजे आपण एक मोठी पिशवी घेऊन तिचं अब्जावधी छोट्या कचऱ्यात रूपांतर केलं, आणि तेही 'हिरवी' म्हणून विकून. असं यापूर्वी झालेलं आहे. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' नावाच्या पिशव्यांमध्ये साध्या पॉलिथिनमध्ये असं काही घातलेलं असायचं की ते उन्हात भुगा होईल. पिशवी डोळ्यांसमोरून जायची, प्लास्टिक तिथेच राहायचं. युरोपियन युनियनने जुलै २०२१ पासून त्या बंद केल्या.

नैसर्गिक रबराची गोष्ट बरी आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे केरळी शेतकऱ्यांनी लावलेल्या रबराच्या बागा आहेत. त्या चिकाला खाणारे जिवाणू मातीत असतात. पण त्याच रबराला गंधकाने किंवा पेरॉक्साइडने गाठी मारल्या की ते जास्त टिकतं, आणि जिवाणूंना खायलाही जास्त वेळ लागतो. चिवटपणा ज्या गाठींनी वाढतो, त्याच गाठी सोडवायला मागे कठीण जातात.

नॅनोकणांचंही तसंच. यात सर्वांत जास्त वापरली जाणारी माती म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. देशावरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, ती या जातीच्या मातीमुळे. तेव्हा पिशवीतून ती जमिनीत गेली तर लेक माहेरी गेली म्हणायचं. फक्त एवढंच, की प्लास्टिकशी जुळवून घ्यावं म्हणून तिच्यावर आधी साबणाच्या नात्यातल्या अमोनियम क्षारांची प्रक्रिया केलेली असते, आणि त्यातले काही क्षार जिवाणूंना मारक असतात. चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे कण घातले तर अन्न जास्त टिकतं कारण ते जिवाणू मारतात. नंतर पिशवी खायला आपण त्याच जिवाणूंना बोलावणार.

आपल्याकडे कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे. सुमारे ५८ अंशांच्या नियंत्रित ढिगात १८० दिवसांत ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे, आणि त्या खतात बी उगवलं पाहिजे. मानक चांगलं आहे. त्यात एक बारीक कलम असं, की एखादा घटक १ टक्क्याहून कमी असेल तर त्याची स्वतंत्र चाचणी लागत नाही, असे घटक मिळून ५ टक्क्यांपर्यंत चालतात. रबर १०-१५ टक्के घालावं लागतं, ते या फटीतून निसटत नाही. नॅनोकणांचं कामच थोडक्यात भागतं. आणि ५८ अंशांचा ढीग वरंधला कुठे आहे? आमच्याकडे पिशवी दरीत जाते, दरीतून ओढ्यात, ओढ्यातून सावित्रीला. जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडला नदीकाठच्या झाडांवर माणसाच्या डोक्याच्या वर पिशव्या लटकत होत्या. पाणी कुठपर्यंत आलं होतं ते त्यावरून कळत होतं.

माझं म्हणणं भेसळीविरुद्ध नाही. शुद्धतेचा आग्रह मला या बाबतीत पटत नाही, कारण त्याचा दंड काकू भरतात. पण भेसळीच्या दोन जाती मी वेगळ्या मानतो. जी वस्तू टिकण्यासाठीच आहे (गाडीचा डॅशबोर्ड, खुर्ची, फोनचं कव्हर), तिच्यात उसापासूनच्या प्लास्टिकला तेलाचं रबर आणि वाटेल ते नॅनोकण घाला. तिथे वचन एवढंच आहे की कच्चा माल शेतातून आला. (त्या उसाला पाणी कुणाचं, हा वेगळा आणि कडू विषय आहे.) पण ज्या वस्तूने 'मी कुजेन' असं वचन दिलंय, तिच्या मिश्रणातल्या प्रत्येकाने ते वचन पाळलं पाहिजे, अगदी एक टक्क्यानेसुद्धा. मग चिवटपणा ७५ टक्क्यांऐवजी ४० टक्केच वाढला तर तेवढाच घ्यावा. भज्यांची पिशवी टपरीपासून गाडीपर्यंत आणि गाडीतून भोरपर्यंत टिकली की पुरे. हेल्मेटची चाचणी तिला कशाला?

मित्र यावर म्हणतो, की हे एक टक्क्याचं सोवळं झालं, शेवटी तूही शुद्धतावादीच. मला तसं वाटत नाही. शुद्धतावादी विचारतो, आत काय काय आहे. मी विचारतोय, मागे काय उरतं. आत दहा गोष्टी असू देत.

असं मिश्रण आमच्या भागात होतंच. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणमाती, आणि मातीत भाताचा तूस नाहीतर पेंढ्याचे तुकडे. नुसती माती वाळली की तडकते. पेंढा तडा अडवतो. काठी ताण घेते, माती ऊन-वारा घेते, शेण दोघांना धरतं. एकही घटक शुद्ध नाही, आणि घर सोडून गेलात तर दहा-बारा पावसांनंतर तिथे फक्त जोतं दिसतं.

पण हे लिहिताना मला एक गोष्ट सोडून देता येत नाही. कूड दरवर्षी लिंपावा लागायचा. जमीन आठवड्याला सारवावी लागायची. कुजणाऱ्या घराला उभं ठेवायला लागणारं सगळं काम बायकांच्या हातांनी व्हायचं. शेण गोळा करणं, माती तुडवणं, पाणी आणणं. ते काम कुठल्याच चाचणीत मोजलेलं नाही. प्लास्टिक आणि सिमेंट गावात आलं ते काही जाहिरात बघून नाही, त्यांनी हे काम संपवलं म्हणून आलं. आमचा कूड पाडून चिऱ्याची भिंत घातली तेव्हा मी शाळेत होतो आणि मला वाईट वाटलं होतं. आईला आजही विचारलं तर ती म्हणते, "तुला हवा तर तू बांध कूड. लिंपायला मी येणार नाही."